डिकीतली मेणबत्ती

जानेवारीत अमेरिकेत, मिनेसोटातल्या मिनियापोलिसला मावसबहिणीकडे गेले होते. विमानतळाबाहेर उणे १८ अंश. माझी बॅग ठेवायला ताईने गाडीची डिकी उघडली आणि मी बघतच राहिले. आत एक लहानसा संसार मांडलेला होता. आखूड दांड्याचं फावडं, वाळूची पिशवी, जम्पर केबल, जाड लोकरी ब्लँकेट, हातमोज्यांचे दोन जोड, टॉर्च, शिट्टी, लाल कापडाची एक पट्टी. आणि कोपऱ्यात कॉफीचा पत्र्याचा डबा. झाकण उघडलं तर आत दोन जाड मेणबत्त्या, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली काडेपेटी आणि शेंगदाण्याच्या चिक्कीची पाकिटं.

"ताई, गाडीत मेणबत्ती कशाला गं? टॉर्च आहे की."

"ती उजेडासाठी नाही. आमची शेगडी आहे ती," ताई म्हणाली. "तू आधी आत बैस, गारठशील."

शेगडी! बोटभर ज्योत, आणि बाहेर श्वास नाकातच गोठवणारी थंडी. हे गणित कसं जुळायचं? तो प्रश्न डोक्यातून जाईना. परत आल्यावर वाचत गेले आणि एका गोष्टीने थक्क झाले. बर्फावर गाडी का घसरते याचा शोध घेतला, तर मायकेल फॅरेडे भेटले. मेणबत्तीपाशी आले, तर तिथेही फॅरेडेच! विजेच्या शोधांसाठी आपण ज्यांना ओळखतो तेच हे. अपघात घडवणारा बर्फ आणि अपघातानंतर तगवणारी ज्योत, दोन्हींकडे हा माणूस लहान मुलाच्या कुतूहलाने बघत बसला होता.

बर्फ निसरडा का असतो?

फ्रीजरमधून बर्फाचे दोन खडे काढा आणि एकमेकांवर दाबून धरा. क्षणात ते चिकटतात. घरोघरी रोज घडणारी ही गोष्ट १८५० साली फॅरेडे यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये श्रोत्यांसमोर मांडली. त्यांचं म्हणणं असं की, बर्फाच्या पृष्ठभागावर पाण्यासारखा एक अतिशय पातळ थर कायमच असतो. दोन खडे जोडले की तो थर मधोमध सापडतो आणि गोठतो.

हे पटायला जगाला फार वेळ लागला. स्केटच्या पात्याच्या दाबाने बर्फ वितळतो आणि म्हणून पाय घसरतो, असंच कित्येक वर्षं शिकवलं जायचं. पण हिशेब केला तर माणसाच्या वजनाचा दाब त्याला पुरत नाही, आणि सपाट तळव्याचा बूट घालूनही माणूस आपटतोच. आज आपल्याला ठाऊक आहे की बर्फाच्या आतल्या रेणूला सगळीकडून शेजाऱ्यांनी घट्ट धरलेलं असतं. पृष्ठभागावरच्या रेणूला मात्र वरच्या बाजूला शेजारीच नसतो. तो सैल असतो, हलतो, सरकतो. त्यात घर्षणाची उष्णता मिसळली की चाकाखाली वंगणच तयार होतं.

या वंगणाची ताकद आकड्यांत बघा. कोरड्या डांबरावर ताशी ५० किलोमीटर वेगाने चाललेली गाडी करकचून ब्रेक दाबल्यावर साधारण १४ मीटरमध्ये थांबते. क्रिकेटच्या खेळपट्टीहून कमी अंतरात. तीच गाडी, तोच वेग, तोच ब्रेक; पण खाली गुळगुळीत बर्फ असेल, तर थांबायला १०० मीटरच्या आसपास लागतात. म्हणजे पाच खेळपट्ट्या एकामागे एक.

थंडी जितकी कडक तितका रस्ता घातक, असं मला वाटायचं. ताई गेली कित्येक वर्षं तिथे गाडी चालवते. ती म्हणाली, "उणे वीसला मी निर्धास्त असते. उणे एकला जीव मुठीत धरून चालवते." शास्त्रही तिच्याच बाजूचं आहे. कडाक्याच्या थंडीत बर्फाचा पृष्ठभाग कडक, कोरडा होतो आणि चाकाला थोडी तरी पकड मिळते. शून्याच्या आसपास त्या थरातलं पाणी वाढतं, आणि घात तिथेच होतो.

त्यातही सर्वांत फसवा असतो तो 'ब्लॅक आइस'. त्याला स्वतःचा काळा रंग नसतो. बर्फाचा थर इतका पातळ आणि नितळ की त्यातून खालचं डांबर तसंच्या तसं दिसतं. रस्ता जरासा ओला आहे असं वाटतं, एवढंच. असा बर्फ पुलावर सगळ्यात आधी धरतो. साध्या रस्त्याला खालून जमिनीची ऊब मिळत राहते. पुलाच्या खालूनही वारा आणि वरूनही वारा, त्यामुळे तो दोन्ही अंगांनी गार होतो. अमेरिकेतल्या महामार्गांवर पुलाआधी तशी सावधगिरीची पाटी असते. मला आधी ती पाटी उगाच लावल्यासारखी वाटली होती. कारण कळल्यावर प्रत्येक पुलावर माझा पाय आपोआप आखडायला लागला, तोही शेजारच्या सीटवर बसून.

चार तळव्यांवरची गाडी

दीड टनाच्या गाडीचा रस्त्याशी संबंध येतो तो चार ठिकाणी, आणि प्रत्येक ठिकाणी साधारण आपल्या तळहाताएवढ्या जागेवर. वेग वाढवणं, थांबणं, वळणं ही सगळी कामं त्या चार तळहातांनी करायची. एका वेळी त्यांच्याकडे पकड असते ठरावीकच. ती सगळी ब्रेकमध्ये खर्च केली तर वळायला काही उरत नाही. चाक फिरायचं थांबून नुसतं घसरू लागलं की स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी आपल्या मूळ दिशेनेच जात राहते.

म्हणून तिथे शिकवतात की, गाडी घसरली तर आधी ॲक्सिलरेटरवरून पाय काढा, जिथे जायचंय तिकडे बघा आणि स्टिअरिंग हलक्या हाताने तिकडेच वळवा. गाडीत एबीएस असेल, तर ब्रेक एकदा ठाम दाबून तसाच धरा. पायाखाली थरथर जाणवते, ती घाबरायची गोष्ट नाही. यंत्रणा सेकंदात अनेकदा ब्रेक सोडून पुन्हा धरत असते, म्हणजे चाकं फिरती राहावीत आणि गाडी वळावी.

रबराचंही एक गुपित आहे. पारा साधारण ७ अंशांखाली गेला की नेहमीच्या टायरचं रबर ताठर होऊ लागतं आणि रस्त्याच्या बारीक खाचाखोचांत शिरत नाही. हिवाळी टायरचं रबर थंडीतही मऊ राहील असं बनवतात, आणि त्यावर शेकडो बारीक चिरा असतात. पहिला हिवाळी टायर १९३४ साली फिनलंडमध्ये बनला, तो ट्रकसाठी. आज ज्या कंपनीला नोकियन म्हणतात, तिनेच दोन वर्षांनी मोटारींसाठीही टायर काढला. कॅनडातल्या क्युबेक प्रांतात तर १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर लावणं कायद्यानेच बंधनकारक आहे.

आइस्क्रीमचा पॉट आणि महामार्ग

बर्फ पडायच्या आधी रस्त्यावर मीठ टाकतात हे ऐकलं तेव्हा मला आजोळची मे महिन्याची सुट्टी आठवली. लाकडी पॉटमध्ये बर्फ आणि खडेमीठ भरायचं आणि आळीपाळीने दांडा फिरवायचा. मीठ घातलं की बर्फ वितळू लागे, तरी त्यातलं पाणी बर्फापेक्षा थंड लागे. बोट बुडवलं की झोंबायचं. खारं पाणी शून्याला गोठत नाही. त्यात मीठ सुमारे २३ टक्के असेल, तर ते थेट उणे २१ अंशांपर्यंत द्रव राहू शकतं. पॉटमध्ये हेच रसायन आइस्क्रीम गोठवायचं, आणि महामार्गावर तेच रस्ता गोठू देत नाही. कडाक्याच्या थंडीत मात्र मिठाचं काम फार मंदावतं. मग वाळू टाकतात. ती बर्फ वितळवत नाही, चाकाला धरायला खडबडीत जागा देते. ताईच्या डिकीतली वाळू त्यासाठीच.

मीठ आगाऊ टाकता आलं नाही तर काय होतं, ते ३ जानेवारी २०२२ ला व्हर्जिनिया राज्यात दिसलं. हिमवृष्टीआधी पाऊस पडला. मीठ टाकलं असतं तर ते वाहून गेलं असतं, म्हणून रस्ता तसाच राहिला. मग पावसाचा बर्फ झाला, ट्रक आडवे झाले आणि आय-९५ या गजबजलेल्या महामार्गावर सुमारे ६० किलोमीटरच्या पट्ट्यात शेकडो गाड्या अडकल्या, काही तर चोवीस तासांहून अधिक काळ. अडकलेल्यांत त्या राज्याचे सिनेटर टिम केन हेही होते. वॉशिंग्टनला पोचायला त्यांना २७ तास लागले. पावाचा एक ट्रक त्याच रांगेत होता. त्याच्या चालकाने पाव आजूबाजूच्या गाड्यांत वाटून टाकले. ही माणसं कुठल्या निर्जन डोंगरात नव्हती. राजधानीपासून दीड-दोन तासांच्या रस्त्यावर, भरल्या महामार्गावर होती.

साठवलेली आग

आता त्या डब्याकडे येऊ. फॅरेडे यांनी नाताळात मुलांसाठी दिलेली मेणबत्तीवरची व्याख्यानं प्रसिद्ध आहेत. १८६०-६१ च्या व्याख्यानमालेतल्या शेवटच्या व्याख्यानात ते एका विलक्षण जागी पोचतात. मेणबत्ती जळते आणि माणूस श्वास घेतो, या दोन क्रिया मुळात एकच आहेत, असं ते मुलांना सांगतात. दोघांनाही इंधन लागतं. दोघंही हवेतला ऑक्सिजन घेतात. दोघांतूनही कार्बन डायऑक्साइड, पाण्याची वाफ आणि ऊब बाहेर पडते.

हे वाचलं आणि ताईची शेगडी मला कळली. मेणबत्ती तासाला साधारण सहा ग्रॅम मेण जाळते आणि ७०-८० वॉट उष्णता देते. स्वस्थ बसलेला माणूस देतो सुमारे १०० वॉट. म्हणजे ज्योत आणि माणूस जवळजवळ तोडीस तोड! बंद गाडीत दोन माणसं आणि एक मेणबत्ती बसली की तीन शेगड्या झाल्या. त्याने गाडी घरासारखी गरम होत नाही. काचांतून, पत्र्यातून उष्णता निसटत राहते. पण आतली हवा बाहेरच्यापेक्षा काही अंश वर राहते, हात शेकता येतात, आणि लांबलेल्या रात्री तेवढ्यानेही फरक पडतो.

मग डिकीतल्या बाकीच्या वस्तूही वेगळ्याच दिसू लागल्या. चिक्की म्हणजे माणूस नावाच्या शेगडीचं इंधन. ५० ग्रॅम चिक्कीत साधारण अडीचशे कॅलरी असतात. ती शंभर वॉटची शेगडी त्यावर अडीच-तीन तास चालते. लोकरी ब्लँकेट स्वतः ऊब देत नाही, धाग्यांत हवा कोंडून आपली ऊब आपल्यापाशी ठेवतं. ताईकडे चांदीसारखी चकाकणारी एक घडी होती, रुमालाएवढी. उलगडली तर माणूस गुंडाळता येईल एवढी मोठी. प्लॅस्टिकच्या पातळ पापुद्र्यावर ॲल्युमिनियमचा थर चढवण्याची ही करामत १९६४ मध्ये नासाने अवकाशयानांसाठी विकसित केली. अंगातून निघणाऱ्या उष्णतेच्या लहरी ती आरशासारख्या परत फिरवते. आत लोकर आणि वर ही चकाकी, असं पांघरायचं.

मला सर्वांत मोहवलं ते हात शेकायच्या छोट्या पुडीने. पाकीट फोडलं, पुडी बाहेर काढून हलवली आणि हातमोज्यात सरकवली. काही मिनिटांत ती गरम झाली आणि कित्येक तास तशीच राहिली. आत विस्तव नाही, बॅटरी नाही. असते लोखंडाची भुकटी, मीठ, कोळशाची पूड आणि थोडं पाणी. हवा लागली की लोखंड गंजतं, आणि गंजताना उष्णता सुटते. दारावरची कडी गंजते तेव्हाही हेच घडत असतं, पण इतकं सावकाश की हाताला ऊब कळत नाही. भुकटीमुळे लोखंड सगळीकडून उघडं पडतं, मिठामुळे वेग वाढतो. म्हणजे ज्या मिठामुळे मिनेसोटात गाड्यांचे तळ गंजून जातात, तेच मीठ त्या पुडीत बसून बोटं वाचवतं. इंजिनात पेट्रोलचा भडका, डब्यात ज्योत, देहात श्वास, पुडीत गंज. प्रत्येक ठिकाणी ऑक्सिजन कशाशी तरी जोडला जातोय. वेग तेवढा निराळा.

या हिशेबात बर्फ खाणं मात्र बसत नाही. तहान लागली म्हणून एक लिटर पाणी होईल एवढा बर्फ तोंडाने खाल्ला, तर तो वितळवून अंगाच्या तापमानाला आणायला शरीराची सुमारे ८० मिनिटांची सगळी उष्णता खर्ची पडते. म्हणून बर्फ आधी मेणबत्तीवर वितळवायचा आणि मग प्यायचा. पत्र्याचा डबा त्याही कामाचा.

न दिसणारा वायू

याच आगीची एक भयंकर बाजू आहे, आणि हिवाळी प्रवासाला निघणाऱ्या प्रत्येकाला ती ठाऊक हवी. इंजिन चालू असताना सायलेन्सरमधून कार्बन मोनॉक्साइड निघतो. अर्धवट ज्वलनाचा हा वायू. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरून ठेवतं. डोकं जड होतं, झोप येते, आणि माणूस त्याच झोपेत जातो. बर्फ साचून सायलेन्सरचं तोंड बुजलं की हा वायू गाडीच्या तळातून आत शिरू लागतो.

जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मरी या थंड हवेच्या ठिकाणी बर्फ बघायला पर्यटकांची झुंबड उडाली होती. ७ तारखेच्या रात्री वादळात झाडं पडली, रस्ते बंद झाले आणि हजारो लोक गाड्यांतच अडकले. सकाळपर्यंत वीसहून अधिक माणसं आपापल्या गाड्यांत मरण पावली होती, त्यात लहान मुलंही होती. थंडी आणि कार्बन मोनॉक्साइड, अशी दोन कारणं पुढे आली. आईबापांनी मुलं गारठू नयेत म्हणूनच हीटर चालू ठेवला असेल. हे वाचल्यावर मी बराच वेळ पुढे वाचू शकले नाही.

गाडी बुजायला नवा बर्फ फार पडावा लागतो असंही नाही. जानेवारी १९७७ च्या अखेरीस अमेरिकेतल्या बफेलो शहरात वादळ आलं, तेव्हा नवा बर्फ बेताचाच पडला. पण शेजारचं इरी सरोवर गोठलेलं होतं आणि त्यावर आठवड्यांचा भुसभुशीत बर्फ साचला होता. ताशी शंभर किलोमीटरहून वेगवान झोतांनी तो सगळा उचलून शहरावर आणून टाकला. २९ माणसं गेली, त्यांतली कित्येक गाडलेल्या गाड्यांत सापडली.

म्हणून फावडं हे डिकीतलं सर्वांत मोलाचं हत्यार. ताईने मला क्रम घोकून घेतला. आधी सायलेन्सर मोकळा करायचा. इंजिन तासाला दहा मिनिटंच चालवायचं. वाऱ्याच्या उलट बाजूची काच बोटभर खाली ठेवायची, मेणबत्ती जळत असली तरीही. लाल पट्टी आरशाला बांधायची. आणि गाडी सोडून चालत निघायचं नाही. वादळात दहा पावलांवरचं दिसत नाही. शोधणाऱ्यांना माणसापेक्षा गाडी लवकर सापडते. टाकी अर्ध्याखाली कधी येऊ द्यायची नाही, यामागेही हिशेब आहे. उभ्या गाडीचं इंजिन तासाला साधारण पाऊण ते एक लिटर पेट्रोल पितं. तासाला दहाच मिनिटं चालवलं, तर वीस लिटर चार दिवसांहून जास्त पुरतात.

आपल्या गाड्या हिमालयात

हे सगळं परमुलखातलं म्हणून सोडून देता येत नाही. ३ ऑक्टोबर २०२० ला मनालीजवळचा नऊ किलोमीटरचा अटल बोगदा खुला झाला आणि ऐन हिवाळ्यात लाहौलपर्यंत गाडी नेणं सोपं झालं. डिसेंबर २०२४ मध्ये नाताळच्या सुमारास सोलंग आणि बोगद्याच्या दरम्यान शेकडो गाड्या बर्फात अडकल्या आणि पोलिसांना रात्रभर पर्यटकांना बाहेर काढावं लागलं. महाराष्ट्राच्या नंबरप्लेटच्या गाड्या त्या रस्त्यावर नेहमी दिसतात. ज्याने आयुष्यभर गाडी पुण्या-नाशिकच्या रस्त्यांवर चालवली, त्याच्या पायाला तो बर्फ ओळखू येत नाही. लडाखमध्ये तर नेहमीचं डिझेलच कडाक्याच्या थंडीत मेणासारखं घट्ट होतं. त्यासाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं खास हिवाळी डिझेल आणलं. अशा प्रवासाला निघताना फावडं, चाकाच्या साखळ्या, ब्लँकेटं, पाणी, टॉर्च, चिक्की घ्यावी. जागा फार लागत नाही. एक सुटकेस कमी घेतली की झालं. आणि हीटर लावून गाडीत झोपायचं नाही, हे घरातल्या प्रत्येकाला निघायच्या आधी सांगून ठेवावं.

निघायच्या आदल्या रात्री मी ताईला म्हटलं, "एकदा पेटवून बघूया?" घरासमोर उभ्या असलेल्या गाडीत आम्ही दोघी जाऊन बसलो. इंजिन बंद. बाहेर उणे १५. काच बोटभर खाली केली, डबा दोघींच्या मध्ये धरला आणि मेणबत्ती लावली. पहिली दहा मिनिटं वाटलं, काहीच होत नाही. मग पत्रा तापला. मी हातमोजे काढून डब्याभोवती हात धरले, आणि बोटं सुखावली. आमच्या श्वासांची वाफ पुढच्या काचेवर जाऊन गोठत होती, नेच्याच्या पानांसारखी नक्षी काढत. ज्योतीतून निघालेली वाफही त्याच नक्षीत मिसळत असणार. आमची कुठली आणि मेणबत्तीची कुठली, हे फॅरेडेंनाही वेगळं काढता आलं नसतं.

तासाभराने ताईने फुंकर मारली. घरात आल्यावर तिने जळालेली मेणबत्ती काढून टेबलावर ठेवली, कपाटातून नवी कोरी आणून डब्यात घातली आणि आम्ही गप्पांत संपवलेल्या चिक्कीच्या जागी दुसरं पाकीट ठेवलं.

"उद्या विमानतळावर जायचंय ना," ती म्हणाली, आणि डबा डिकीत ठेवायला पुन्हा बाहेर गेली.